डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड

खुर्ची मिळावी म्हणून अर्ज करणारी माणसे मी आयुष्यभर पाहिली. खुर्ची नको, असा अर्ज घेऊन आलेले निंगोजी मास्तर हे पहिले आणि शेवटचे.

बेंगळुरातील इंदिरानगर भागात, एका सरकारी कचेरीच्या कुंपणाला लागून, पर्जन्यवृक्षाखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण दहावीच्या उंबरठ्यावर थांबले, हे मी लपवीत नाही. परंतु मराठी, कन्नड आणि कामापुरते इंग्रजी अशा तीन भाषांत मसुदा करणारा अर्जलेखक या रस्त्यावर दुसरा नाही, आणि रकाना रिकामा राहिला म्हणून माझ्या हातचा अर्ज कधी परत आला नाही, हेही तितकेच खरे आहे. पुष्कळ कामे आता मोबाइलवर होतात. तरीही आपले गाऱ्हाणे कोणीतरी नीट शब्दांत मांडावे असे मनुष्यास वाटते, आणि तोवर माझे टेबल राहील.

त्या सकाळी मास्तर टेबलासमोर येऊन उभे राहिले. ठेंगणी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि खांद्याला कापडी पिशवी. मी स्टूल पुढे केले. ते बसले नाहीत.

"काय ओ, वकीलसाहेब," ते म्हणाले, "वाचनालयाला एक अर्ज लिहायचाय. छातीएवढ्या उंचीवर एक फळी बसवून पाहिजे. मला उभ्यानं वाचायचंय."

मी वकील नव्हे. परंतु त्यांनी तसे संबोधल्यावर खुलासा करण्याचे मला कारण दिसले नाही. पुढे अखेरपर्यंत ते मला याच नावाने हाक मारीत.

"कारण काय लिहू?" मी विचारले.

"बसून वाचलं की माणूस पटवून घेतो. पाय दुखायला लागले की मग शंका येतात."

हे कारण कोणत्याही अधिकाऱ्याच्या पचनी पडण्यासारखे नव्हते. मी लिहिले, 'अर्जदारास गुडघ्याच्या विकारामुळे बसणे अशक्य असल्याकारणाने'. मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वाचला, खिशातील पेन काढले आणि ती ओळ खोडली.

"गुडघे चांगले हायत माझे."

"मास्तर, अर्जात खरे कारण चालत नाही. चालणारे कारण लागते."

"मग फळी नको," असे म्हणून त्यांनी खाली स्वतःच्या हाताने खरे कारण लिहिले आणि अर्ज नेऊन दिला. उत्तर आले नाही. त्यानंतर कित्येक वर्षे ते त्या वाचनालयात खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक ठेवून उभ्यानेच वाचीत राहिले. तेथील नोकर त्यांना 'निंत मेष्ट्रु', म्हणजे उभे मास्तर, म्हणत.

मास्तर आमच्याच बाजूचे, म्हणजे सीमेवरच्या एका खेड्यातले. घरची भाषा मराठी. पण नोकरी सगळी बेंगळुरात, कन्नड माध्यमाच्या शाळेत समाजशास्त्र शिकवण्यात गेली. पत्नी आधीच गेलेली. इंदिरानगरातील एका बंगल्यामागच्या दोन खोल्यांत ते राहत. पुढच्या बंगल्याचे तोवर उपाहारगृह झाले होते आणि तिथल्या संगीताने मास्तरांच्या मांडणीवरची भांडी थरथरत. त्यांना त्याचे काही नव्हते. त्यांचे सगळे लक्ष एका विषयात होते. राष्ट्र म्हणजे काय, आणि मनुष्य स्वतःला एखाद्या राष्ट्राचा, प्रांताचा, भाषेचा का समजू लागतो, या विषयावरचे जे पुस्तक ज्या भाषेत मिळेल ते त्यांनी वाचलेले होते.

ती सगळी पुस्तके त्यांनी तपकिरी कागदाचे वेष्टन घालून ठेवली होती आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, 'बीजगणित'. मी प्रथम फसलो. एवढे बीजगणित कशाला, असे विचारले.

"बसमधे एकदा राष्ट्रवादाचं पुस्तक वाचत होतो," ते म्हणाले. "शेजारच्यानं नाव बघितलं आणि विचारलं, तुम्ही कुठल्या बाजूचे? मी म्हटलं, अजून निम्मंच झालंय वाचून. तर तो उठून दुसरीकडं जाऊन बसला. तेव्हापासून बीजगणित. गणिताला कोणी बाजू विचारत नाही."

'आपले लोक' हे दोन शब्द कोणी उच्चारले की मास्तरांचे बोट वर जाई. एकदा माझ्या टेबलाशी एक तरुण आला. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, घरमालकाविरुद्ध तक्रार लिहून घेण्यास. तक्रार राहिली बाजूला आणि तो आवेशाने बोलू लागला, की या शहरात आपल्या लोकांना कोणी विचारत नाही.

"आपले म्हणजे किती?" मास्तरांनी विचारले.

"किती म्हणजे? कोट्यवधी आहोत आपण."

"त्यातल्या किती जणांना ओळखता?"

तरुण जरा गोंधळला. "असतील दोन-अडीचशे."

"मग बाकीच्यांना दुखलं की तुम्हाला कसं दुखतं? नाही, दुखतं हे खरंच हाय. मलाबी दुखतं. कसं, एवढंच विचारतोय."

"काका, तुम्ही आपल्या बाजूचे आहात ना नक्की?"

"बघा, आलाच की प्रश्न," मास्तर मला म्हणाले.

'आपले म्हणजे किती' हा प्रश्न ते कन्नडातही विचारीत. एक रिक्षावाला एकदा 'नम्म जन', म्हणजे आपली माणसे, असे काही म्हणाला आणि मास्तरांनी लगेच विचारले, "एष्टु जन?" किती माणसे? रिक्षावाला बेरकी होता. तो म्हणाला, "सार, तुम्ही आधी मीटरच्या वर स्वल्प द्या, माणसं मग निवांत मोजू." मास्तर इतके हसले की त्यांनी खरोखरच वर स्वल्प दिले.

दुपारी काम नसताना ते माझ्यापाशी उभे राहून आपल्या वाचनाचा सारांश सांगत. कोणी म्हणतो राष्ट्र रक्तातून येते, कोणी म्हणतो भाषेतून. कोणी म्हणतो छापखाने, आगगाड्या आणि शाळेच्या घंटा आल्या, तेव्हा कुठे लांबलांबच्या माणसांना आपण एक आहोत असे वाटू लागले. कोणी म्हणतो, काय लक्षात ठेवायचे यापेक्षा काय विसरायचे हे सगळ्यांनी मिळून ठरवले की राष्ट्र तयार होते. मला यातील निम्मे समजे. परंतु मी मान डोलावीत असे, कारण अर्ज लिहिताना केव्हा कोणता विचार उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

"सगळे लेखक हुशार," ते शेवटी म्हणत. "पण एकानंबी हातात डांबराचा डबा धरलेला नाही."

हे वाक्य मी अनेकदा ऐकले. त्याचा अर्थ त्यांनी एकदाच सांगितला.

त्यांच्या गावात दोन गल्ल्या होत्या, एक मराठी आणि एक कन्नड. मास्तर पंधरा-सोळा वर्षांचे असताना भागात सीमेची चळवळ तापली. एके दिवशी, नुकते उजाडले असता, मास्तर आणि त्यांचे चार सोबती डांबराचा डबा घेऊन निघाले आणि वेशीवरच्या मैलाच्या दगडावरील कन्नड अक्षरांवर त्यांनी डांबर ओतले. ती अक्षरे रंगवणाऱ्या माणसाचा मुलगा मल्लेशी हा मास्तरांचा जिवलग मित्र. आठ दिवसांनी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मराठी शाळेच्या फलकावर तितकेच डांबर ओतले.

"पुढं काय झालं?" मी विचारले.

"काय होणार? एक बांगडीवाला आला गावात. लांबचा होता, त्याला ह्यातलं काय ठाऊक? दगडापाशी थांबला आणि मला विचारलं, बाजार किती लांब? वकीलसाहेब, त्या दगडावर बाजाराचं नाव होतं तसं अंतरबी होतं की. तेबी आम्हीच बुजवलेलं. मी रोज त्या रस्त्यानं जाणारा. मला सांगता येईना."

त्यांनी खांद्याची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"मी वाईट पोरगा नव्हतो. मल्लेशीबी नव्हता. त्या दिवशी माझ्या हातात डबा कोणी दिला, हे मी शोधतोय. तेव्हापासून मल्लेशी माझ्याशी बोललेला नाही. हाय अजून, गावातच असतो."

या शोधातून मास्तरांचे पुस्तक जन्मास आले. पुस्तक म्हणजे बारा जाड वह्या. उघडली की डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, आणि दोन्हींकडे तीच गोष्ट, त्याच उंचीवर. एका पानाचे भाषांतर दुसऱ्यावर, असे ते नव्हते. कधी विचार आधी मराठीत उमटे, कधी कन्नडात, आणि दुसऱ्या भाषेत तो बसेना झाला की मास्तर पहिल्याच भाषेतला मजकूर खोडून पुन्हा लिहीत. मराठीत 'आम्ही' निराळे आणि 'आपण' निराळे. कन्नडात दोहोंना मिळून 'नावु' एकच. या एका गोष्टीने त्यांना दोन वर्षे खाल्ली. प्रत्येक 'नावु'पाशी थांबून त्यात समोरचा धरला आहे की वगळला आहे, हे ते ठरवीत बसत. दगडाच्या प्रकरणाचा पूर्वार्ध मास्तरांच्या कृत्याचा होता आणि उत्तरार्ध मल्लेशीच्या. दोन्ही अर्ध समान ओळींचे ठेवले होते, हे त्यांनी मला मोजून दाखवले.

हे पुस्तक एकाच बांधणीत, दोन्ही भाषांसह छापले जावे, आणि मल्लेशीच्या हाती पडावे. मास्तरांना याहून अधिक काही नको होते. मल्लेशी मराठी वाचत नाही. मास्तरांच्या गल्लीत कन्नड वाचणारे थोडे. "पण पुस्तक उघडलं की शेजारचं पान दिसणारच की," ते म्हणत. "आपल्याबद्दल तिकडं काय लिहिलंय, हे दोघांनाबी इकडंच वाचायला मिळेल."

पदरच्या पैशाने एवढे पुस्तक छापणे शक्य नव्हते. कन्नड पुस्तकांना साहाय्य करणारी एक संस्था इकडे होती आणि मराठी पुस्तकांना साहाय्य करणारी एक तिकडे. मी दोन्हींकडे अर्ज लिहिले. अडचण तिसऱ्याच रकान्यात आली. 'लेखकाची मातृभाषा'. मास्तरांनी सांगितले, दोन्ही लिहा. मी समजावले, ते ऐकेनात. मी दोन्ही लिहिल्या.

इकडच्या संस्थेत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. खिडकीतील कारकून सभ्य मनुष्य होता. तो कन्नडात म्हणाला, "मेष्ट्रे, एक सांगा."

"आई मराठी बोलायची," मास्तर कन्नडातच म्हणाले. "पण स्वप्नात मी भांडतो ते कन्नडात. आता तुम्हीच ठरवा."

"सार, स्वप्नाला रकाना नाही."

अर्ज परत आला. तिकडच्या संस्थेतून दूरध्वनी आला. बोलणाऱ्या गृहस्थांना विषय फार आवडला होता. ते म्हणाले, "फक्त डावी पानं पाठवा. दुसरी भाषा हवं तर परिशिष्टात दोन पानं घेऊ."

"डाव्या पानाच्या पाठीवर कन्नड हाय ओ," मास्तर म्हणाले. "फाडू कसं?"

तिकडूनही अर्ज परत आला. माझ्या कारकिर्दीतील हे दोनच परत आलेले अर्ज, आणि तेही रकाना रिकामा राहिल्याने नव्हे, तर अधिक भरल्याने. माझ्या मनाला ते लागले.

त्यानंतर मास्तरांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. वाचनालयात ते पुस्तक कट्ट्यावर ठेवण्याऐवजी नाकाशी धरू लागले, मग वाचनालयात येईनासे झाले. डॉक्टरांनी सांगितले, गेलेली दृष्टी परत येणार नाही, आणि राहिलेलीही फार दिवस टिकेल असे वाटत नाही. मागच्या दोन खोल्याही उपाहारगृहाच्या मालकाला हव्या होत्या. मास्तरांची मुलगी उषा व्हाइटफील्डला राहते. ती त्यांना आपल्या चौदाव्या मजल्यावरील घरी घेऊन गेली. बीजगणिताचे खोके तिच्या गॅलरीत रचले गेले आणि वर प्लास्टिक घातले गेले.

मी मेट्रोने त्यांना भेटावयास गेलो. उषाचे यजमान अनिकेत हे पुण्याचे, स्वभावाने उमदे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, सिंपल आहे. दोन लँग्वेज, दोन बुक्स. दोन्हीकडे सेपरेट अप्लाय करा ना. उलट रीच डबल होईल."

मास्तर आत झोपले होते. त्यांनी हे ऐकले नाही. मी ऐकले.

आमच्या व्यवसायातील एक रीत येथे नमूद केली पाहिजे. सीमेवरून आलेले आम्ही लोक ज्या कचेरीत जातो त्या कचेरीची मातृभाषा लिहितो. मुलाच्या शाळेत कन्नड, मराठी मंडळाच्या वर्गणीदार यादीत मराठी. माझ्या टेबलावर एकाच मनुष्याचे एकाच दिवशी मी दोन्ही अर्ज लिहिले आहेत, आणि त्यात खोटेपणा आहे असे त्यालाही वाटले नाही आणि मलाही नाही. पाऊस पाहून छत्री उघडावी तसे ते आहे.

मी मास्तरांचे दोन नवे अर्ज तयार केले. इकडच्या अर्जात मातृभाषा कन्नड, तिकडच्या अर्जात मराठी. इकडे उजव्या पानांची नक्कल, तिकडे डाव्या पानांची. शेवटी एक चौकट होती, 'संस्थेच्या संपादकीय संस्कारांस लेखकाची संमती आहे'. मंजुरीच्या आड येणारी चौकट मी कधी मोकळी सोडीत नाही. मी दोन्हींकडे खूण केली.

सहीसाठी उषाने त्यांचे बोट कागदावरील रेघेवर नेऊन ठेवले.

"दोन्हीकडं तोच अर्ज ना?" मास्तरांनी विचारले.

"तोच," मी म्हणालो.

"आणि पुस्तक एकच?"

"आधी मंजूर तर होऊ द्या, मास्तर."

त्यांनी सह्या केल्या. आयुष्यात त्यांनी न वाचता सही केलेले बहुधा तेवढेच दोन कागद असावेत.

दोन्ही अर्ज मंजूर झाले. मी आमच्या रस्त्यावर म्हैसूरपाक वाटला. इतके कठीण काम या शहरात दुसऱ्या कोणाच्या हातून झाले नसते, असे मी त्या दिवशी म्हणालो, आणि ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

पुस्तके छापून आली तोवर मास्तरांना केवळ उजेड आणि अंधार एवढेच समजत असे. मी दोन्ही प्रती त्यांच्या हातांत दिल्या. त्यांनी चाचपून पाहिल्या.

"दोन कशाला?"

"एका बांधणीत मावत नव्हते," मी म्हणालो. "एक मराठी, एक कन्नड. आत सगळे तेच आहे."

त्यांनी त्या एकमेकींना चिकटवून मांडीवर ठेवल्या. मग म्हणाले, "मल्लेशीला दोन्ही पाठवा. एकावर एक ठेवून, सुतळीनं बांधून." गावातल्या मराठी गल्लीतील वाचनालयालाही तशीच जोडी पाठवायची होती. मी तसे केले. मी स्वतः त्या पुस्तकांतील फक्त ऋणनिर्देशाचे पान वाचले होते. दोन्हींत माझे नाव होते.

महिन्याभरात दूरध्वनी येऊ लागले. प्रथम मल्लेशीच्या मुलाचा आला. तो म्हणाला, "अप्पा खूश आहेत. म्हणाले, निंग्या शेवटी कबूल झाला." मास्तरांनी ते मला चार वेळा सांगितले. "कबूल झालोच की मी. त्यानं त्याचंबी वाचलं असेल. काही बोलला नाही त्याबद्दल, पण राग तरी नाही." मग मराठी गल्लीतील तरुण मंडळाचा आला. मास्तर, तुम्ही त्यांचे बिंग फोडलेत, गावात सत्कार करायचा आहे. पाठोपाठ कन्नड गल्लीतील संघटनेचा आला. मेष्ट्रे, एवढे खरे बोलणारा तुमच्यात पहिलाच, आमच्याकडे सत्काराला या.

मी गेलो तेव्हा मास्तरांच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते पूर्वी कधी पाहिले नव्हते. "दोन्ही गल्ल्यांतनं बोलावणं, वकीलसाहेब! एकाच पुस्तकासाठी! बिंग फोडलं म्हणतात, ते काय मला कळलं नाही, पोरं काहीबी बोलतात. असू दे. तेवढं दगडाचं प्रकरण वाचून दाखवा. त्यांना कुठली ओळ लागली असेल, बघू."

मी मराठी पुस्तक उघडले. मास्तर भिंतीला टेकून बसले होते. माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलू लागले. सारे त्यांना पाठ होते. गावाचे वर्णन झाले, दोन गल्ल्या झाल्या, वेस आली. मी पान उलटले. पुढच्या पानावर पहिले वाक्य होते, 'त्यांनी शाळेच्या फलकावर डांबर ओतले'. दगड नव्हता. डबा घेऊन निघालेले पाच मराठी मुलगे नव्हते. बांगडीवालाही नव्हता. तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, की पृष्ठमर्यादेस्तव काही मजकूर गाळला आहे.

मी वर पाहिले. मास्तरांचे ओठ हलत होते. ते दगडापाशी पोहोचले होते आणि माझ्या आवाजाची वाट पाहत होते.

मी गप्प राहू शकलो नाही. मी वाचू लागलो, जे तेथे नव्हते ते. "त्या दिवशी पहाटे सदरहू दगडावर प्रस्तुत लेखकाने, आपल्या चार सहकाऱ्यांसमवेत, स्वहस्ते डांबर ओतले. त्यायोगे सदर दगडावरील बाजारगावाचे नाव, तसेच अंतर, दोन्ही नष्ट झाले..."

मास्तरांचे ओठ थांबले. त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांना समजले, हे मला समजले. तरीही मी थांबलो नाही. बांगडीवाल्यास मी आणले, त्याचा प्रश्न विचारला, मास्तरांना निरुत्तर केले, आणि मगच छापलेल्या ओळीवर आलो.

"दुसरं वाचा," ते म्हणाले.

मी कन्नड पुस्तक उघडले. त्यात मास्तरांचा दगड पुरता होता, एकही शब्द गाळलेला नव्हता. मल्लेशीचे डांबर नव्हते. तळाशी तीच बारीक ओळ कन्नडात होती. मल्लेशीचा भाग मी माझ्या कचेरीच्या कन्नडात रचून वाचला. एका ठिकाणी मला शब्द सुचेना. मास्तरांनी तो हळूच सांगितला, आणि मी पुढे गेलो.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मास्तर म्हणाले, "मल्लेशीनं माझंच तेवढं वाचलं तर."

"होय."

"आणि गल्लीनं मल्लेशीचंच तेवढं."

मी अर्जाची हकीकत सांगितली. दोन मातृभाषा सांगितल्या, संमतीची चौकट सांगितली. ते रागावले नाहीत. रागावते तर मला उत्तर देता आले असते.

"तुम्ही चांगलं लिहिता, वकीलसाहेब," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत माझ्या लेखनाविषयी त्यांनी काढलेले हे एकमेव उद्गार. त्यांत उपहास नव्हता. मी तो शोधून पाहिला.

उषा फोन घेऊन बाहेर आली. "अप्पा, गल्लीतली मुलं आहेत. सत्काराला येणार का विचारतायत. आणि त्या कन्नडवाल्यांनाही अजून काही कळवलेलं नाही आपण."

"दोघांनाबी हो म्हण."

"मास्तर," मी म्हणालो, "वह्या आहेत आपल्याकडे. तिथे जाऊन वाचून दाखवू. मी येतो बरोबर."

"कोणाला वाचून दाखवता? त्यांच्याकडं छापलेलं पुस्तक हाय." त्यांनी हात पुढे करून माझ्याजवळचे पुस्तक चाचपले. "मी छापलंय, असं त्यावर लिहिलंय."

"मग तिथे जाऊन बोलणार काय?"

"काही नाही. ते बोलतील, ते ऐकेन."

मला त्यांनी बरोबर नेले नाही. परत आल्यावर ते कोणाशी विशेष बोलत नसत, असे उषा म्हणाली. गणपती झाल्यावर थोड्याच दिवसांत ते गेले. मल्लेशीकडून कोणी आले नव्हते.

उषाने मला त्या दोन सत्कारांचे फोटो पाठवले आहेत. एकात मास्तरांच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटा आहे आणि मागच्या फलकावर त्यांचेच वाक्य छापले आहे, मल्लेशीच्या डांबराचे. दुसऱ्यात डोक्यावर म्हैसुरी पेटा आहे, गळ्यात चंदनाचा हार आहे आणि मागच्या फलकावर त्यांचेच दुसरे वाक्य आहे, स्वतःच्या डांबराचे. दोन्हींत बाजूला बरीच माणसे उभी आहेत आणि सगळी हसत आहेत. मास्तरांना कॅमेरा कोठे आहे हे कोणी सांगितलेले दिसत नाही. दोन्ही फोटोंत ते जरा भलतीकडे तोंड करून, तिथे कोणी बोलत असावे अशा समजुतीने, कान देऊन उभे आहेत.